खेकड्याची गोष्ट, दिवसा आणि इंग्रजीत

नववीत आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात कुठल्याशा दूरदेशीच्या जंगलातल्या लोकांची एक गोष्ट होती. कोल्हा सूर्य पळवून आणतो, अशी. कल्याणहून येणाऱ्या आमच्या मॅडमनी फळ्यावर ‘ओरल ट्रॅडिशन’ लिहिलं आणि म्हणाल्या, ही गोष्ट कोणी लिहून ठेवली नव्हती, एकीनं दुसरीला सांगत सांगत टिकली. मी बसल्या जागेवरून बोलून गेले, “त्यात काय एवढं? आमच्या मावशीकडं अशा ढीगभर आहेत.”

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. “मग त्यातली एक इंग्रजीतून सांग,” म्हणाल्या. “मुरबाडला तालुक्याची इंग्रजी कथाकथन स्पर्धा आहे. आपल्या शाळेकडून तूच जा.” नको तिथं तोंड उघडायची माझी सवय जुनी आहे, ती अशी अंगाशी आली.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. टोकावड्याच्या वर आमची ठाकरवाडी आहे, तिथं गोष्ट सांगावी तर तिनंच. पण तिचे नियम कडक. ऐकणाऱ्यानं दर वाक्याला ‘हूं’ म्हणायचं, हूं थांबला की ती पण थांबणार आणि वर विचारणार, “झोपलाव काय रे?” आणि दिवसाउजेडी गोष्ट अजिबात सांगायची नाही. सांगितली तर सांगणाऱ्याचा मामा वाट चुकतो.

मी स्पर्धेचं सांगितलं तशी ती चुलीपुढून उठलीच. “दिवसा सांगणार? आनि तुझा मामा?”

मामा म्हणजे आई आणि मावशीचा धाकटा भाऊ. कसाऱ्याला रेल्वेच्या रुळांवर कामाला होता आणि माझी स्पर्धा बघायला सुट्टी टाकून येणार होता.

“मामाला कुठं इंग्रजी कळतंय?” मी म्हटलं. “त्याला काय होतंय?”

मावशी परत चुलीपुढं बसली. मग म्हणाली, “जा, सांग. इंग्रजीत गेली का ती गोष्ट ऱ्हातेच कुठं? नुसता शाळेतला धडा होतो. धड्यानं कोन वाट चुकत नाय.”

हे मला असलं झोंबलं की विचारू नका. नंबर आला तर बरंच होतं, पण मला मावशीला दाखवून द्यायचं होतं. खेकड्याची गोष्ट मी दुधाच्या दातांपासून ऐकत आले होते. माझ्या तोंडून इंग्रजीत गेल्यावर तिचा धडा होणार असेल, तर मग मुरबाडला जाऊन मिरवायचं तरी काय?

गोष्ट अशी. खेकड्याच्या घरी लग्न निघालं. तो चंद्राला आवतण द्यायला गेला. वाटेत डबक्यात चंद्र दिसला, त्याला आवतण दिलं. पुढं ओहोळात दिसला, त्यालाही दिलं. भाताच्या खाचरात, म्हशीच्या खुराच्या खड्ड्यात, जिथं दिसेल तिथं देत सुटला. लग्नाच्या दिवशी सगळेच चंद्र जेवायला हजर, आणि भात शिजवलेला एकाच्या बेताचा. तेव्हापासून खेकडा लाजेनं सरळ समोर चालत नाही.

मॅडमनी आणि मी मिळून महिनाभर त्यावर डोकं फोडलं. ‘आवतण’ला इन्व्हिटेशन म्हटलं की मला छापील पत्रिकाच दिसायची. शेवटी मॅडम म्हणाल्या, “आवतणच ठेव. कोल्हेवाल्या लोकांनी पण आपले शब्द ठेवलेत ना?” मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली.

स्पर्धेच्या दिवशी मावशी लुगडं बदलून माझ्याबरोबर गाडीत बसली. “मी बगायला येत्ये, ऐकायला नाय,” असं बजावून. मामाचा पत्ता नव्हता. माझा नंबर पुकारला तरी तो आला नाही.

हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मी पहिलं वाक्य बोलले आणि थांबले. समोर सगळी तोंडं मिटलेली. दुसरं वाक्य मला पाठ होतं, पण ते बाहेरच येईना. माझ्या जिभेला हूं ऐकल्याशिवाय पुढं जायची सवयच नव्हती. परीक्षक सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. माझे कान तापले. आता वाडीवर कुठल्या तोंडानं जायचं, असं झालं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला. “हूं.”

मी दुसरं वाक्य बोलले. “हूं.” मी तिसरं बोलले.

सरांनी मान वळवली. “बाई, मागून सांगायला बंदी आहे इथं.”

“मी कुठं सांगत्ये?” मावशी म्हणाली. “मी ऐकत्ये.”

हॉल फुटलाच हसून. सर पण हसले, मला म्हणाले, “चालू दे.” मग काय, मी सुटले. डबकं आलं तसं पुढच्या बाकांवरची पोरं हूं म्हणायला लागली, खुराच्या खड्ड्यापर्यंत सगळा हॉल. सगळे चंद्र जेवायला आले तेव्हा सरांनीही हूं भरला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. इतकी मजा मला शाळेत त्याआधी कधी आली नव्हती. माझा दुसरा नंबर आला.

बाहेर स्टँडवर आलो तर समोरून मामा. घामानं निथळलेला, हातात वांग्यांची पिशवी.

“झाली पन स्पर्धा?” तो म्हणाला. “काय सांगू, शहापूरला गाडीत बसलो, मुरबाडचीच म्हनून इचारलं पन नाय. उतरून बगतो तं धसईचा बाजार. इतक्या वर्सांत असं कदी झालं नाय गो.”

मी मावशीकडं बघितलं. ती मामाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत होती. मग ती माझ्याकडं वळली, आणि तिच्या तोंडावर असं हसू होतं, जणू मी पहिल्यांदाच जत्रेत एकटी जाऊन परत आले होते.

“गोष्टच सांगितलीस गो तू,” ती म्हणाली.