मधला तुकडा

बुरुल सुई डोक्याच्या रुमालात खोचते, डाव्या कानाच्या वर. मग तीच सुई घरभर शोधते.

चहा ओतताना पाहुण्याची वाटी अर्धीच भरते, म्हणजे माणूस आणखी थोडा बसतो. स्वतःची मात्र काठोकाठ. पुन्हा ओतून घ्यायला तिला सवड कुठली?

गाय दोहायच्या आधी गाईशी बोलते. बहुतेक वेळा नवऱ्याची तक्रार असते.

कात्री उघडी ठेवत नाही. दोरा दाताने तोडते. "आलेच" म्हणते आणि येत नाही.

समोर कुणीही आलं की तिची नजर आधी कपड्यावर जाते, मग चेहऱ्यावर. कापड आवडलं तर सरळ बाही चिमटीत धरून बघते. इस्सिक-कुल तळ्याच्या दक्षिणेकडच्या त्या गावात कुणी याचं वाईट वाटून घेत नाही. बुरुल आली की बायका आपणहून बाही पुढे करतात.

त्या वर्षी ती एक गोधडी शिवत होती.

घरात माणसं कमी नव्हती. नवरा कालिक. त्याची आई शाकेन, जिला सगळं घर एने म्हणायचं. नजर अधू झालेली, जीभ शाबूत. मुलगा तिलेक खाणीत कामाला, पंधरा दिवस डोंगरात, पंधरा दिवस घरी. त्याची बायको नुरझात. आणि शेंडेफळ बेगिमाय, जिचा एक बूट रोज सकाळी हरवायचा. शिवाय गाय, वासरू, मेंढरं, जर्दाळूची झाडं आणि बटाट्याचं शेत. या सगळ्यांना बुरुलच लागायची.

नुरझात पोटुशी होती. दुसऱ्या खेपेला. पहिलं बाळ दोन वसंतांमागे आलं होतं आणि आठवडाभरात गेलं. त्याच्यासाठी बाजारातून मऊ, वाघाचं चित्र असलेलं पांघरूण आणलं होतं. ते आता पेटीच्या तळाशी होतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं. नुरझात तर कशाबद्दलच फारशी बोलत नव्हती.

बुरुलने मनाशी ठरवलं, या वेळी बाजारचं काही नको. ज्या घरांत पोरं जगली, वाढली, दंगा करतात, त्या घरांतून तुकडे मागायचे आणि जोडून गोधडी करायची. तुकड्यांच्या त्या कामाला कुराक म्हणतात. तिच्या आईने तिच्यासाठी केलं होतं.

पण बाळ यायच्या आधी बाळासाठी काही करत नाहीत. निदान तसं म्हणत नाहीत. म्हणून ती गोधडी पाहुण्यांसाठी होती.

कालिकने ती एकदा उचलून बघितली. स्वतःच्या पोटावर धरली. जेमतेम बेंबी झाकली.

"पाहुणा गुडघ्याएवढा येणार दिसतोय," तो म्हणाला.

"तुम्ही बटाट्यांचं बघा."

"जेवायला मेंढरू कापायचं की दूधच चालेल त्याला?"

कोपऱ्यात भिंतीला टेकलेली नुरझात हसली. बऱ्याच महिन्यांनी. बुरुलने कालिकला त्या दिवशी गाईपाशी नावं ठेवली नाहीत.

तुकडे सहज मिळत गेले. वरच्या गल्लीतल्या सागिनकडे पोरांचा नुसता बाजार. ती दारातच म्हणाली, "किती हवाय?"

"तळहाताएवढा."

"अगं, अख्खा झगा ने. पण चार कार्टीही घेऊन जा बरोबर. दोन दिवस तरी मला झोपू दे."

कुणी पडद्याचा दिला, कुणी नवऱ्याच्या सदऱ्याचा. बुरुलने त्रिकोण कापले, त्रिकोणांचे चौकोन केले. उन्हाळ्यात लोकर धुतली, अंगणात पसरून छड्यांनी झोडली. जर्दाळू वाळत होते, त्यांच्यावरही लोकर उडाली. त्या वर्षीचा जर्दाळू खाताना सगळ्यांच्या दातांत केस आले.

काम पुढे सरकायचं ते असं. चार टाके घातले की वासरू कोबीत शिरायचं. दोरा ओवला की कणीक उतू जायची. कालिकचे चुलतभाऊ कुरणावरून उतरायचे आणि चहा पिऊन परत चढायचे. बुरुल उठताना सुई रुमालात खोचायची. परत बसताना आधी सुई शोधायची, मग आपण कुठे होतो ते.

शेवटी फक्त मधला तुकडा राहिला. तो साधा चालणार नव्हता.

माणूस भरल्या वयाने गेलं की त्याचे घरचे आलेल्या बायकांना कापड फाडून वाटतात. त्या कापडाला जिर्तिश म्हणतात. बायका ते जपून घरी नेतात आणि पोराबाळांच्या कपड्यांत शिवतात. गेलेल्याचं आयुष्य पोराला लागावं म्हणून. बुरुलला मधे तेच हवं होतं. कुणासमोर बोलली नव्हती, पण तो तुकडा असला तरच हे मूल राहील, असं तिने धरून ठेवलं होतं. आणि नुरझातनेही. दोघी ते एकमेकींना सांगत नव्हत्या, एवढंच.

एने चहा पिता पिता म्हणाली, "माझ्याकडे काय टक लावून बघतेस? तुकडा हवाय ना? थांब, बटाटे निघू देत. मग मरते."

"एने, काहीतरीच बोलू नका."

"खरंच सांगते. ऐन बटाट्यांत मेले तर खांद्याला माणसं मिळायची नाहीत. आणि आलेले पाहुणे तू शेतात पाठवशील."

"माझ्याकडे आहे तुकडा. सोल्तोबाय आजोबांचा. पेटीत ठेवलाय."

"सोल्तोबायचा?" एने नाक मुरडून म्हणाली. "बरा होता. घोरायचा फार."

सोल्तोबाय नव्वदी ओलांडून गेला होता. कापड मिळालं तेव्हा बुरुलने ते पेटीत टाकलं होतं, हे नक्की. त्याचा रंग कोणता, हे मात्र ती विसरली होती. मधे इतकं काही झालं होतं.

बटाटे काढायच्या दिवशी तिलेक खाणीवर होता, पण शेजारपाजारचे सगळे मदतीला आले. चुलीत पाव, मोठ्या कढईत रस्सा. बेगिमायचा बूट हरवला. कालिक शेतातून ओरडत होता की दुसरं फावडं कुठे आहे. ते त्याच्या हातात होतं. पावाचा एक घाणा आत गेला आणि दुसरा निघायचा होता, तेवढ्यात बुरुलने पेटीत हात घातला. पेटीवर रचलेल्या गाद्यांचं ओझं एका खांद्यावर तोललं आणि चाचपलं. हाताला फाडलेलं एक कापड लागलं. निळी फुलं, सरळ फाटलेली कड. कात्रीने कापलेलं नव्हतं, हाताने फाडलेलं होतं. म्हणजे जिर्तिशच.

"हेच," ती म्हणाली आणि तिथेच उकिडवी बसून शिवायला लागली. पाव थोडा करपला. सगळ्यांनी तसाच खाल्ला.

दुपारी माणसं जेवून पुन्हा शेतात गेली. बुरुलने गोधडी एनेच्या मांडीवर पसरली. एनेला दिसायचं कमी. ती बोटांनी बघायची. बोटं काठावरून आत आली, सागिनच्या झग्यावरून, पडद्यावरून, आणि मधे थांबली.

"हे कुणाचं?"

"सोल्तोबाय आजोबांचं."

"त्याचं पट्ट्यांचं होतं. पिवळं. मी स्वतः घेतलं होतं." एनेने ते पुन्हा चोळलं. "बुरुल, हे माझं आहे."

बुरुलला आधी कळलंच नाही. मग कळलं. एनेचं गाठोडं पेटीत होतं. म्हातारी माणसं आपल्या मौतीसाठी ठेवतात तसं. पांढरं कापड, वाटायचे रुमाल आणि जिर्तिशसाठी निळ्या फुलांचा तागा. त्या गाठोड्याला कुणी हात लावत नसे.

"वसंतात एक तुकडा फाडून बघितला होता," एने म्हणाली. "सरळ फाटतंय का ते. दुकानदाराचा भरवसा नव्हता. तो गाठोड्यातून निसटला असेल." तिने तुकड्यावर तळहात ठेवला. "म्हणजे मी गेले. मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

दारात नुरझात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"अपा, उसवा ते," ती सासूला म्हणाली. "जिवंत माणसाचं मरणाचं कापड... आत्ता उसवा."

बुरुलचा हात रुमालाकडे गेला, सुईकडे. पण पोरासाठी शिवलेलं उसवतात का? शिवलेलं उघडायचं, आणि तेही सुनेचे दिवस भरत आले असताना? ती नुसतीच बसून राहिली. जन्मात पहिल्यांदा तिला पुढचं काम काय ते सुचेना.

नुरझातने दाराची चौकट घट्ट धरली. मग पोट धरलं.

पुढचं सगळं धावत झालं. कालिकच्या जुन्या गाडीत बटाट्यांची पोती होती. ती अंगणात ओतली. बेगिमाय बूट हातात घेऊन गाडीमागे पळाली. तो नेमका तेव्हा सापडला होता. बुरुल सुनेला धरून मागे बसली. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत नुरझात एकच विचारत राहिली, "उसवाल ना, अपा?" बुरुल म्हणत राहिली, "आधी तू हे उरक."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुरुलने घरी फोन लावला. फोन एनेने उचलला आणि नेहमीसारखा दूर धरून ओरडली, "काय झालं?"

"मुलगी."

"आवाज काढला का?"

"काढला."

"मोठा?"

"सगळा दवाखाना उठला, एने."

"मग आपलीच आहे," एने म्हणाली आणि फोन ठेवला.

काही दिवसांनी नुरझात घरी आली. खोली झाडलेली होती. मधोमध गोधडी पसरलेली होती, अस्तर लावलेली, कड शिवलेली. कडेचे टाके वाकडेतिकडे, कुठे दाट, कुठे विरळ. एका ठिकाणी बेगिमायच्या झग्याचा कोपराही शिवला गेला होता, तो मग कापून काढलेला दिसत होता.

"पोरीने सुया ओवून दिल्या," एने म्हणाली. "टाके मी घातले. बघू नका, बोटांनी बघा. बोटांना चांगले लागतात."

मधला निळा तुकडा जागच्या जागी होता.

नुरझात बाळाला छातीशी धरून उभी राहिली. बसेना, बाळाला खाली ठेवेना. बुरुल तिच्याकडे बघत होती. हे बाळ त्या गोधडीवर निजलं नाही तर ती गोधडीसुद्धा वाघाच्या पांघरुणाजवळ पेटीच्या तळाशी जाईल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि मग ही पोर पुढची कितीतरी वर्षं दर शिंकेला त्या कापडाची आठवण काढेल.

"एने, उसवलं नाहीत?" नुरझात हळूच म्हणाली.

"इकडे ये. बस. सोल्तोबाय किती जगला? जेवढा जगला तेवढा. झालं त्याचं. त्यात आता एक सकाळ वाढायची नाही. माझं अजून चालू आहे. तुझ्या पोरीला संपलेलं आयुष्य हवंय की चालू असलेलं?"

नुरझात म्हणाली, "आणि तुम्हाला काही झालं तर?"

"कसं होईल? कापड कमी पडतंय ना." एने आता बुरुलकडे वळली. "तुझ्या सासूच्या मौतीला कुणीतरी रिकाम्या हाताने घरी जाणार. गाव काय म्हणेल? शाकेन म्हातारी कंजूष होती. आधी माझं कापड पुरतं कर, सुनबाई. हेच, याच फुलांचं. तोवर मला कुठे जाता येत नाही."

कालिक दाराशी होता. तो म्हणाला, "मग कुणी आणूच नका."

हसू आधी बेगिमायला आलं, मग एनेलाच. नुरझात हसली नाही, रडली. पण रडता रडता गुडघ्यांवर बसली आणि बाळाला त्या निळ्या तुकड्यावर ठेवलं. मुलीने हातपाय झाडले, गोधडी ओली केली आणि झोपी गेली.

"घ्या," एने म्हणाली. "पसंत आहे तिला."

मुलगी आता रांगते. बटाट्याच्या पोत्यांवर चढते, वासराचे कान ओढते. दात येताहेत, म्हणून गोधडीचा मधला तुकडा चोखून चोखून फिका केलाय. एनेची नजर आणखी अधू झाली आहे, जीभ आहे तशीच.

बुरुल दर रविवारी बाजारात जाते. मीठ, दोरे, बेगिमायला बूट. परत आली की एने विचारते, "मिळालं का माझं कापड?"

"मिळालं होतं, एने. फुलं जरा लहान होती."

"आणि मागच्या वेळी?"

"मागच्या वेळी निळा रंग फिका होता."

"तुझं लक्षच नाही कामात," एने म्हणते आणि चहाची अर्धी वाटी पुढे करते.

कापडवालीकडे तो तागा आहे. तीच फुलं, तोच निळा. बुरुलला पाहिलं की ती आता न सांगता तो खाली काढते. बुरुल कापड चिमटीत धरते, उजेडाकडे नेते, कडेला थोडं ओढून बघते. सरळ फाटेल असंच आहे.

"किती फाडू?" कापडवाली विचारते.

"राहू दे," बुरुल म्हणते. "आज घाई आहे."