धुऱ्यावरची खूण

भैय्यालाल भित्रा आहे, हे कोंढा गावाच्या आसपास कुणालाही विचारा, हसत हसत सांगतील. उभी हयात ट्रॅक्टर चालवलेला हा माणूस आता कुलदीपशेठच्या फार्मवर पाहुण्यांना चार जाड चाकांच्या एटीव्हीवर फिरवतो, आणि गाडीच्या आधी त्याचं तोंड सुरू होतं. "मफलरचे टोकं जाकिटात खोचा. डबल सीट बसाचं नाही. वळताना पाय खाली टेकू नका, हे मोटरसायकल नोहे, मागचं चाक पायावर चढते." गावाने त्या गाडीचं नाव ठेवलंय बेडूक, आणि याचं बेडकाचा मास्तर.

हिवाळा लागला की मास्तरची झोप उडते. धुक्यात हाताच्या अंतरावरचं दिसत नाही, दवाने माती निसरडी होते, आणि फिरायची वाट सगळी धानाच्या खाचरांमधल्या रुंद धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून. धान निघालं की लोक हरभऱ्याला पाणी न्यायला हवा तिथे धुरा कापतात. कापला की तिथे पळसाची हिरवी डहाळी रोवून ठेवायची, अशी इकडची रीत. डहाळी दिसली की ओळखावं, पुढे चर आहे. पण भैय्यालालचा डहाळीवरही भरवसा नव्हता. गाडी थांबवायची, उतरायचं, पायी पुढे जाऊन पाहायचं, मगच हलायचं. यंदा त्याची पोरगी सरिता त्याच्यासोबत कामाला लागली, तेव्हापासून तर त्याने तिचे कान किटवले होते. ती नुसती मान हलवायची.

त्या सकाळी धुकं दाट होतं. कुलदीपशेठ आदल्या दिवशीच बोलला होता, "भैय्यालालजी, लोक इथं मजा करायले येतात, तुमच्यासंगं पायी फिरायले नाही." ते भैय्यालालच्या मनाला लागलं होतं. शेकोटी पेटवता पेटवता तो सरिताला म्हणाला, "आज घडीघडी उतरत नोको बसू. डहाळी दिसली तं थांब, नाही तं सीधी जाय."

सरिताने त्याच्याकडे जरा नवलाने पाहिलं. मग हेल्मेटचा पट्टा आवळला आणि निघाली. मागे नागपूरचे दोन पाहुणे, एकेका गाडीवर. तिन्ही गाड्या धुक्यात दिसेनाशा झाल्या.

शेकोटीसाठी भैय्यालालने येताना धुऱ्यावरच्या तुराट्यांचा कवळाभर भारा ओढून आणला होता. पहाटेच्या अंधारात, न बघताच, थंडीने बोटं आखडलेली. तो भारा त्याने आता विस्तवात सरकवला. एक काडी पेटेना. नुसती चरचरली आणि पांढरा धूर सोडू लागली. चिडून त्याने ती बाहेर ओढली.

पळसाची डहाळी होती. पानं हिरवीगार, बूड विळ्याने तासलेलं, बुडाला ओला चिखल.

कुणीतरी धुरा कापला होता, आणि त्याची खूण भैय्यालालने स्वतःच्या हाताने उपटून आणली होती. वर पोरीला सांगितलं होतं, सीधी जाय म्हणून.

फोन लावला. रिंग जात राहिली. हेल्मेटमध्ये, इंजिनाच्या आवाजात तिला काय ऐकू येणार? चौथी गाडी नव्हती. तो डहाळी हातात घेऊन धावत सुटला. दोनदा घसरला, गुडघा फुटला. "सरिता! थांब व!" धुकं त्याचा आवाज गिळत होतं. पुढचं चाक चरात गेलं की गाडी उलटते आणि चालवणाऱ्याच्या अंगावर येते, हे तो रोज पाहुण्यांना सांगायचा. आज ते त्याला डोळ्यांपुढे दिसत होतं. मग पुढचा इंजिनाचा आवाज एकाएकी बंद झाला. तो आणखी जोरात धावला.

तिन्ही गाड्या धुऱ्यावर उभ्या होत्या. पाहुणे हात चोळत बसले होते. त्यांच्या पुढे, कंबरभर चराच्या काठाशी, सरिता चिखलाने माखलेल्या बुटांनी उभी होती.

"बाबा, पाहा नं, कोणं येवढा धुरा कापला अन् खूणबी नाही लावली!"

धापा टाकत भैय्यालालने विचारलं, "तू... उतरली काहून? मी तं नाही मनलं होतं."

"तुमी रोज सांगता तवा भेऊन सांगता. आज भेले नव्हते," सरिता म्हणाली. "मले तेच बराबर नाही वाटलं."

मग तिचं लक्ष त्याच्या हातातल्या अर्धवट जळलेल्या डहाळीकडे गेलं. भैय्यालाल चराच्या काठाशी मटकन बसला, डहाळी मातीत रोवली आणि तिच्याभोवती चिखल दाबत राहिला. पाहुण्यांसमोर रडू नये एवढंही त्याला जमलं नाही.