अकरा फोन आणि मावशीचा अंगठा

सौंसरच्या आमच्या संत्रा खरेदी केंद्रात कंपनीने दिलेले अकरा फोन होते आणि ते अकराही एकाच अंगठ्याने उघडत. तो अंगठा मावशीचा. मावशी केंद्रात चहा करते, झाडलोट करते. बाकीच्यांचे हात क्रेट उचलून आणि संत्री निवडून इतके घासलेले की फोन त्यांची बोटं ओळखतच नसे. म्हणून सगळे फोन मावशीच्या पुढ्यातल्या परातीत असत. "मावशी, अंगठा," अशी हाक आली की ती गाळणी बाजूला ठेवून फोन उघडून देई. केंद्राचा प्रमुख मी. ही सोय माझीच, आणि मला तिचा अभिमान होता.

एका सोमवारी सकाळी फोनची प्रणाली आपोआप नवी झाली. सगळे फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि अंगठ्याआधी पिन मागू लागले. पिन कोणालाच आठवेना. तो कुठेही लिहून ठेवू नये असं कंपनीच्या फोन-विभागाचं पत्र होतं. मी ते इतकं कडक पाळलं होतं की भिंतीवर खडूने पिन लिहिणाऱ्या एका बाईला सगळ्यांसमोर झापलं होतं. भिंतही मीच पुसली होती.

दहा वाजता नागपूरच्या मुख्य कार्यालयातून माझ्या स्वतःच्या फोनवर फोन आला. बोलणारा फोन-विभागाचा तोच साहेब, ज्याने दोन वर्षांपूर्वी प्रशिक्षणात मला विचारलं होतं, "काका, टाइप तरी करता येतं का?" भरलेली खोली हसली होती. पांढुर्ण्याच्या स्टेशनवर क्रेट वाहत मी इथवर आलो. असं हसणं मी विसरत नाही.

"काका, तुमचे अकराही फोन नियमात बसत नाहीत. आता सहा आकडी पिन लागतो. चारपर्यंत करा, नाहीतर केंद्र बंद दाखवावं लागेल. तुमची खरेदी दुसऱ्या केंद्राकडे जाईल."

"जुना पिन कोणाले आठवत नाही."

"अकराही जणांना? मग रोज फोन उघडत होते कसे?"

माझा फोन स्पीकरवर होता. मागून मावशी म्हणाली, "माह्या अंगठ्यानं, साहेब. आज काहून रुसले काय मालूम."

तो म्हणाला, पिन नागपुरातून पुसता येतो, पण प्रत्येक फोनचा वेगळा अर्ज लागेल. सात दिवस.

मी टेबलावर असा हात आपटला की परातीतले फोन वाजले. पण सौदा आपटून होत नसतो. संत्र्याच्या बागेचा मालक भावावर अडला की आम्ही चपला घालून बांधाकडे चालू लागतो. बांध ओलांडायच्या आत मागून हाक येते.

"बरं साहेब, सात तर सात. चार वाजता तुमची यादी वर जाईन, तिच्यात बंद फोनच्या अकरा लाल खुणा राहतीन. पिन लिहू नका हे पत्र कोणी काढलं, ते तुमचे वरचे साहेब विचारतीन. पत्र मी पाठवून देतो. ठेवतो."

"थांबा काका. तीन दिवस."

"ठेवतो."

"उद्या सकाळी."

"बाहेर लोधीखेड्याच्या संत्र्याचे तीन ट्रॅक्टर उभे आहेत. फोनशिवाय वजनाची पावती निघत नाही. चपला घातल्या मी."

तो हसला. मनापासून हसला, हे मला कबूल करावं लागेल. "काढा चपला. एकेक फोन हातात घ्या, मी पुसत जातो. पण पिन ज्याचा त्याने ठेवायचा."

मग दुपारभर केंद्रात नुसती धमाल. जो तो भिंतीकडे तोंड करून पिन टाकत होता. एका बाईने वळून विचारलं, "माहा पिन कोणाले दिसला तर नाही ना?" आणि तो मोठ्याने सांगूनही टाकला. मावशीसुद्धा पोट धरून हसली. मी ओरडलो, त्या बाईला नवा पिन ठेवायला लावला, आणि बाहेर जाऊन हसून आलो.

चारला दहा मिनिटं असताना अकराव्या फोनवर हिरवी खूण आली. "काका, जमलं की तुम्हाला," साहेब म्हणाला. तो 'की' मला अजून टोचतो.

पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला. शेतकरी खाली उतरला. "सकाळपासून ऊन खाऊन राहिलो इथं. त्याचा भाव वाढवून द्या."

"उन्हात गोड झालं तुमचं संत्रं. उलटे तुम्हीच कमी करा."

त्याने आवाज चढवला, मीही चढवला. केंद्र चालू झालं होतं.