मूळ यादीला हात लावला तेव्हा

उपयोगी पडणारे कोडचे तुकडे मी एका फाइलमध्ये साठवून ठेवते. त्यातल्याच एका ओळीनं मी एकदा पुरती हादरले.

कोल्हापुरातल्या एका रक्तपेढीची वेबसाइट माझ्याकडं होती. रक्तदात्यांची नावं एका यादीत, रक्तगट दुसऱ्या यादीत. पहिल्या नावाला पहिला गट, दुसऱ्याला दुसरा. नावं अकारविल्हे दिसावीत म्हणून मी फाइलमधली एक ओळ उचलून डकवली. पान छान दिसलं. तपासायचा कंटाळा केला आणि बदल चढवून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास कबनूरहून अब्बांचा फोन आला. ते नेमानं रक्त देतात.

"रक्तपेढीकडं निघालोय. तातडीनं बोलावलंय. माझं ओ निगेटिव्ह हाय म्हणं."

"अब्बा, तुमचं बी पॉझिटिव्ह आहे!"

"मलाबी तसंच वाटतंय. पण तुझ्याच वेबसाइटवर लिवलंय की."

मी घाईनं कोड उघडला. त्या ओळीनं नावांची वेगळी प्रत केलीच नव्हती, मूळ यादीतलीच नावं हलवली होती. गट मात्र जागच्या जागी. शेकडो नावांपुढं दुसऱ्याचाच गट! मूळ यादीला हात लावू नका, प्रत करून तिच्यावर काम करा, असं ऑफिसातल्या नव्या मुलींना मीच सांगायची.

मी रक्तपेढीत फोन लावला. कुणाला चुकीचं रक्त गेलं का, एवढंच विचारलं.

"तसं हुईल कसं मॅडम? पिशवी तपासल्याबिगर आम्ही देत न्हाय," तिथले तंत्रज्ञ म्हणाले. मी श्वास सोडते तोच ते पुढं बोलले, "पण सकाळपास्नं तिघं चुकीचे आले. ओ निगेटिव्हवाला घावंना. बाई ऑपरेशनला घेतलीया."

मी कोडची कालची आवृत्ती परत चढवली. तीन वेळा टाइप करताना चुकले. यादी जुळली आणि खरं नाव वर आलं: जयसिंगपूरचे एक शिक्षक. त्यांना मीच फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, नाहीच. त्या बाईचा चेहरा मी पाहिला नव्हता, तरी डोळ्यांपुढून हलेना. चौथ्यांदा आवाज आला, "वर्गावर होतो. बोला."

मी कसंबसं सांगितलं.

"निघालोच," ते म्हणाले.

मी रक्तपेढीत पोचले. शिक्षक येईपर्यंत मी दारातच उभी होते, रस्त्यावरची प्रत्येक गाडी बघत. ते आले, रक्त वेळेत पोचलं, संध्याकाळी बाई सुखरूप असल्याचं कळलं.

त्यानंतर मी नाव आणि गट एकाच नोंदीत बांधले. आता बदल चढवण्याआधी ओळखीची पाच नावं उघडून त्यांचे गट तपासते. तरीही बटण दाबताना भीती वाटते, आणि ती जावी असं मला वाटत नाही.

त्या दुपारी रक्तपेढीत अब्बा आतल्या खाटेवर सापडले, दंडाला कापूस, हातात बिस्कीट.

"तुमचं नको होतं ना?" मी म्हणाले.

"आलोच हुतो, मग दिलं. बीवालं बी कुणीतरी असंलच की."