गयामावशींचे करकोचे

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच. तो म्हणाला असता, "अगं, सगळेच करतात!" — आणि मला नेमकं तेच ऐकायचं नव्हतं.

बिबवेवाडीतल्या एका छोट्या कंपनीत मी पर्यावरणाचे अहवाल लिहिते. विजेची मोठी लाईन कुठून न्यायची हे ठरण्याआधी वाटेत झाडं, पाणी, पक्षी काय आहे ते बघायचं. बघायला जायचं मे महिन्यात. का? मे महिन्यात काही नसतं, म्हणून!

लाईनच्या वाटेतलं लोणी काळभोरच्या पुढचं तळंही तेव्हा ठणठणीत कोरडं होतं. काठावर शेळ्या राखणाऱ्या गयामावशींनी मला पाणी दिलं. म्हणाल्या, "ताई, दिवाळी झाल्यावर या. करकोचं उतरत्यात, थवंच्या थवं. तुमची तार त्यांच्या वाटंतच हाय. लिवाल न्हवं?"

लिहिते म्हणाले. आणि लिहिलं काय — "स्थलांतरित पक्षी आढळले नाहीत." यात खोटं काय होतं? मला आढळले नव्हतेच की!

लाईन झाली. हिवाळ्यात करकोचे तारांवर आपटून मेले. मग पहिलीला खेटून दुसरी लाईन आली, आणि काम पुन्हा माझ्याकडे. नव्या अहवालाला जुन्याचा आधार लागतो — आणि जुना माझाच. खरं लिहावं तर आधीचं खोटं उघडं पडणार, नोकरी जाणार. न लिहावं तर काय होणार ते डोळ्यांनी पाहिलेलं. अडकित्त्यातली सुपारी झाले होते मी. जुनीच ओळ पुन्हा उतरवली.

पण सांगायचंय ते हेही नाही.

दुसऱ्या लाईनबद्दल गावात बैठक झाली. मावशी उठल्या. त्यांना खात्री होती, की मी लिहिलं असणार आणि वरच्यांनीच दाबलं असणार. "या ताईंना म्या सांगितलं व्हतं. त्यांनी लिवलंय. इचारा त्यांस्नी!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक 'हो' पुरला असता. मी फाईल उघडली — ओळ पाठ होती, तरी शोधल्यासारखं केलं — आणि म्हणाले, "अशी माहिती कुणी दिल्याची नोंद नाही. आजींचा काहीतरी गैरसमज झालाय."

मागे कुणीतरी हसलं. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. चिडल्या असत्या तर सोसलं असतं.

"आसंल," त्या म्हणाल्या, "माजंच चुकलं आसंल." आणि खाली बसल्या.

त्यांचं काहीही चुकलेलं नव्हतं. तिथे हे एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी फाईल मिटली.