उरलेल्या गोळ्या

तोंडावर सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे, पाठीमागे डासोबा. शहरात दवाखाना थाटून पैसा ओढायचा सोडून हा शहाणा माणूस एका आडबाजूच्या वस्तीत राहून गटारांच्या कडेने डासांच्या अळ्या गोळा करत हिंडे आणि दिसेल त्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेई. मग लोक दुसरं काय म्हणणार? या नादात लग्न राहूनच गेलं. घरात थोरली बहीण होती. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं होतं, आणि नवरा गेल्यावर ती पुन्हा त्याचंच स्वयंपाकघर सांभाळायला आली होती.

हिवतापावरची एक गोळी त्या वस्तीत अजून गुण देत होती. आजूबाजूच्या भागांत ती केव्हाच निकामी झाली होती. इथे तरी ती टिकवायची, एवढा एकच ध्यास डॉक्टरने घेतला होता. उपाय सोपा होता: ताप उतरला तरी सगळ्या गोळ्या संपवायच्या. अर्धवट औषधाने मरतुकडे जंतू मरतात, दांडगे उरतात आणि डासाबरोबर पुढच्या माणसाच्या अंगात जातात. हे तो घरोघर सांगे, चित्रं काढून सांगे, हात जोडून सांगे. लोक माना डोलवत. गरज सरो, वैद्य मरो, हे काय कुणी उगीच म्हटलंय?

तरी काही वर्षं बरी गेली. मग हळूहळू, डॉक्टरने समोर बसवून सगळ्या गोळ्या खायला घातलेल्या माणसांच्या रक्तातही जंतू दिसू लागले. त्याने आकाशपाताळ एक केलं. गोळ्या बनावट असतील म्हणून तपासायला पाठवल्या, तर त्या अस्सल निघाल्या. बाहेरून आलेल्या मजुरांवर संशय घेतला, त्यांच्या झोपड्यांतून रक्त गोळा केलं, बिचाऱ्यांना नाही नाही ते बोलला. घरी येऊन ताईपुढे चिडचिड करी.

"आधी जेव," ती म्हणे. "जंतू काही पळून जात नाहीत."

"तेच तर रडगाणं आहे, ताई."

आणि एक दिवस ताईच थंडीने कुडकुडत अंथरुणाला खिळली. त्याने स्वतः तिचं बोट टोचलं, स्वतः काच पाहिली, गोळ्या सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी ताप उतरला तेव्हा तो इतका हरखला, की तिच्यासाठी चहा करायला निघाला. स्वयंपाकघरात तो पाहुणाच. साखर सापडेना म्हणून फळीवरचा निळा पत्र्याचा डबा उघडला. तो डबा तो रोज जेवताना बघत असे. आत गोळ्या होत्या. अर्धी पाकिटं, कागदाच्या पुड्या, एकेक सुटी गोळी, सगळ्या त्याच्याच दवाखान्यातल्या.

"ताई, हे काय?"

"बायका आणून देतात रे. ताप उतरला की उरलेल्या. तुझ्या हातच्या, त्यांना टाकवत नाहीत. मग ज्याला दवाखान्यात यायला जमत नाही, त्याला देते त्यातल्या एक-दोन. लगेच उठून बसतात!" तिचा चेहरा फुलला होता. "म्हटलं, तुझ्या डोक्यावरचा भार तेवढाच कमी."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळ्या वस्तीला त्याने समजावलं, आणि ताईला सांगायचं कधी सुचलंच नाही. डॉक्टरच्या घरातली ती, तिला वेगळं काय सांगायचं! त्याला तिच्यावर ओरडायचं होतं, पण संताप आला तो स्वतःचा. चहा बिनसाखरेचाच झाला. डबा त्याने गुपचूप रिकामा केला.

ताप परत आला. जुनं कडू औषध तिच्या दुबळ्या हृदयाला झेपणारं नव्हतं, आणि नवं मागवलेलं अजून वाटेतच होतं. राहिली ती हीच गोळी. ती तो समोर उभं राहून तिला गिळायला लावत होता आणि दवाखान्यात जाऊन काच बघत होता. जंतू वाढतच होते. आपण ज्याला आयुष्य दिलं ते औषध मेलं आहे, हे त्याला कळून चुकलं होतं. ताईही राहणार नव्हती.

"मेले का रे सगळे?" त्याने शेवटची गोळी हातात दिली तेव्हा तिने विचारलं.

काचेवर जे दिसेल तेच सांगायचं, यात त्याने आजवर कुणाची भीड ठेवली नव्हती.

"मेले," तो म्हणाला.

"बघ! गुणाची आहे तुझी गोळी." अंग भाजत होतं, तरी ती हसली आणि गोळी परत त्याच्या हातावर ठेवली. "मग ही कशाला वाया घालवू? डब्यात टाक. कुणाचं तरी लेकरू बरं होईल."

तो स्वयंपाकघरात गेला. गोळी खिशात टाकली, आणि तिला ऐकू जाईल अशा बेताने रिकाम्या डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं.