जशी होती तशी मोडून द्या

आमच्या मोठ्या मुलीच्या लग्नाला तिचे वडील हजर राहणार की नाही, हे जपानमधल्या एका फुटबॉलच्या मैदानावर ठरलं. नाशिकच्या नातेवाइकांना मी हे कधी सांगितलेलं नाही. त्यांची समजूत आहे की अर्ज केला की रजा मिळते.

आम्ही जुबैलला राहतो. सतीश, म्हणजे माझा नवरा, इथल्या एका पेट्रोकेमिकल प्लँटमध्ये इंजिनियर आहे. मृण्मयीचं लग्न ठरलं, नाशिकला कार्यालय मिळालं, तारीख पक्की झाली आणि बरोबर त्याच आठवड्यात प्लँटचं शटडाऊन निघालं. शटडाऊन म्हणजे सगळा प्लँट बंद ठेवून दुरुस्ती. त्या काळात रजेचं नाव काढायचं नसतं. काढायचंच झालं तर एकाच माणसापुढे, ते म्हणजे सतीशचे साहेब, अबू तुर्की.

अबू तुर्की माणूस वाईट नाही. त्यांनी अर्ज नाकारला नाही. मंजूरही केला नाही. फायनल झाल्यावर बघू, इन्शाल्ला, एवढंच म्हणाले. त्यांचा रियाधचा संघ आशिया खंडातल्या क्लबांच्या स्पर्धेत अंतिम फेरीला पोचला होता आणि तोवर त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. मागे एकदा हा संघ फायनल हरला, तेव्हा त्यांनी कित्येक आठवडे कुठल्याच कागदाला हात लावला नाही म्हणतात. (त्या कागदांत एकाची बायकोच्या बाळंतपणासाठीची रजा होती. ती मंजूर झाली तेव्हा बाळ रांगत होतं.)

तिकडे नाशिकहून नणंदबाईंचे, शोभाताईंचे, रोज फोन. रजेचं काय झालं हे विचारून झालं की त्या दुसरा विषय काढायच्या. आपल्यात मुलीच्या आईने मंगलाष्टका बघायच्या नसतात. तिने तेवढा वेळ आत थांबायचं, तुळशीला पाणी घालायचं. मी सांगितलं, मी असलं काही मानत नाही. मुलगी मी वाढवली, मी पहिल्या रांगेत उभी राहणार. शोभाताई म्हणाल्या, बघ बाई.

ही अंतिम फेरी एका सामन्यात संपत नाही. एक सामना रियाधला, दुसरा आठवड्याने समोरच्या संघाच्या देशात, जपानात. आमची धाकटी मुक्ता दहावीत आहे आणि तिला यातलं सगळं कळतं. तिने मला बसवून सांगायला सुरुवात केली, की मम्मी, दोन्ही मॅचचे गोल एकत्र मोजतात, ज्याचे जास्त तो जिंकला. मी तेव्हा तूरडाळ निवडत होते. मला दोन सामने एवढंच ऐकू आलं. मी म्हटलं, कळलं, मालिका असते. एकेक जिंकले तर तिसरा. मुक्ताने माझ्याकडे बघितलं आणि "नेव्हर माइंड" म्हणून उठून गेली. ही मुलगी वाद घालायची सोडून नेमकी तेव्हाच का उठून गेली, हा माझा तिच्यावरचा आरोप अजून कायम आहे.

पहिल्या सामन्याच्या संध्याकाळी अबू तुर्की अचानक आमच्याकडे आले. त्यांचे तीन मेहुणे रियाधच्याच दुसऱ्या संघाचे पाठीराखे. ते घरी येऊन बसले होते आणि जपानसाठी दुआ मागत होते. सतीशने साहेबांना आत घेतलं. आमच्या बैठकीत एक तपकिरी खुर्ची होती, गादीची, रुंद हातांची. तिची उजवीकडची स्प्रिंग वर आलेली होती. घरातले सगळे डावीकडे सरकून बसायचे. पाहुण्यांना कोण सांगणार? साहेब नेमके त्याच खुर्चीत टेकले.

माझी चतुर्थी होती, साबुदाणा भिजवलेला होता. मी स्वयंपाकघरात वडे तळायला घेतले. विसाव्या मिनिटाला साहेबांना स्प्रिंग टोचली. ते ताडकन उठले आणि त्याच क्षणी रियाधने गोल केला.

सतीशने तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण तो ज्या घरात वाढला तिथे क्रिकेटची मॅच रंगात आली की कोणी जागा सोडत नसे. एका काकांनी म्हणे अख्खी भागीदारी दाराच्या चौकटीत उभं राहून काढली होती. हे त्याने साहेबांना सविस्तर सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, हे आमच्या धर्मात बसत नाही म्हणून सांगितलं आणि पुन्हा त्याच खुर्चीत, त्याच स्प्रिंगवर बसले. उत्तरार्धात दुसऱ्यांदा टोचली. दुसरा गोल झाला. सामना दोन-शून्य.

जाताना ते दारात थांबले. "असलं मानणं हराम आहे," त्यांनी सतीशला गंभीरपणे सांगितलं. "पुढच्या शनिवारी मी इथेच येतो. खुर्ची हीच ठेव. सिस्टरना सांग, तो पांढरा मणी-मणीवाला पदार्थही हाच."

हे बोलणं दारात झालं आणि मी, म्हणजे त्यांची सिस्टर, आत कढई घासत होते. मला कोणी सांगितलं नाही. मला एवढंच कळलं की ज्यांच्या सहीवर माझ्या मुलीचं कन्यादान अडलंय त्या माणसाला माझ्या घरात दोनदा स्प्रिंग टोचली. मी हातासरशी काम उरकणारी बाई आहे. दुसऱ्या दिवशी सतीश कंपनीच्या बसमध्ये बसला आणि मी इस्माईलभाईंना फोन लावला.

इस्माईलभाई दापोलीकडचे. इथे त्यांचं जुन्या फर्निचरचं दुकान आहे. आमच्या ओळखीत मराठी बोलून काम होणारी ती एकमेव जागा. त्यांनी पिकअप पाठवली आणि दहाच्या आत खुर्ची घराबाहेर गेली. संध्याकाळी सतीश आला, रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं आणि बूट न काढता जमिनीवर बसला. मग मला दारातलं बोलणं कळलं.

मी म्हटलं, त्यात काय, परत आणू. इस्माईलभाईंना फोन केला. ते म्हणाले, दोन दिवसांनी या वैनी, तुमची खुर्ची तयार होतेय. तयार होतेय हा शब्द मला तेव्हाच खटकायला हवा होता.

दोन दिवसांनी दुकानात गेलो तर मधोमध एक खुर्ची मांडलेली. लाल मखमल, कडेने सोनेरी पट्टी. बसून बघा म्हणाले. मी बसले. आमच्या घरातली खुर्ची इतकी सुखाची होऊ शकते हे मला बारा वर्षांत समजलं नव्हतं. सतीश माझ्या शेजारी उभा होता आणि त्याचा चेहरा कोणी गेल्यासारखा झाला होता.

"इस्माईलभाई," मी म्हटलं, "ही जशी होती तशी मोडून द्या."

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"वैनी, पंचवीस वर्षं झाली मला या धंद्यात. नीट करून द्या म्हणणारे आले. मोडून द्या म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या."

मी त्यांना सगळं सांगितलं. लग्न, रजा, साहेब, गोल. ते ऐकत राहिले. त्यांनाही तीन मुली आहेत, तिघींची लग्नं त्यांनी दुकान बंद ठेवून चिपळूणला जाऊन केली. शेवटी उठले आणि मागच्या दाराशी गेले. आमचं तपकिरी कापड तिथे अंथरलेलं होतं आणि त्यावर दुकानाची मांजर पिल्लांसह झोपली होती. मांजरीला लाल मखमल मिळाली. कापड झटकून, धुऊन पुन्हा खुर्चीवर चढलं. जुनी स्प्रिंग भंगारातून शोधली. शुक्रवारी खुर्ची घरी आली. सतीशने बसून बघितलं, तो ओरडला आणि आम्ही निर्धास्त झालो. ती आता डावीकडे टोचते आहे, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. टोचल्याचा आनंदच इतका होता.

शनिवार उजाडला. जपानात संध्याकाळ म्हणजे आमच्याकडे भर दुपार. अबू तुर्की आले, खुर्चीवरून एकदा हात फिरवला आणि बसले. थोड्या वेळाने त्यांनी कपाळाला आठी घातली आणि जरासं बूड सरकवलं. मी आत वडे तळत होते. पूर्वार्ध शून्य-शून्य गेला.

उत्तरार्ध सुरू झाल्यावर मला वाटलं, पाहुणे नुसतेच वडे खातायत, चटणी द्यावी. मी वाटी घेऊन बाहेर आले. माझा पाय बैठकीत पडायला आणि जपानने गोल करायला एकच गाठ पडली.

अबू तुर्कींनी माझ्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं. मग सतीशला हळू आवाजात विचारलं, की मागच्या शनिवारी सिस्टर कुठे होत्या? सतीश म्हणाला, किचनमध्ये. पुढचं मला कोणी सांगावं लागलं नाही. मी चटणीसह परत फिरले.

वडे संपले. मी गॅस बंद केला. दोन मिनिटांत मुक्ता दारात.

"मम्मी, अंकल पूछ रहे हैं, आवाज़ क्यों बंद हुआ?"

"कसला आवाज?"

"तळण्याचा. लास्ट टाइम पूरी मॅच चालू था."

मी गॅस पुन्हा पेटवला. पापड तळले. ते संपल्यावर कुरडया तळल्या. लग्नात रुखवतात मांडायला म्हणून मी मुद्दाम घालून ठेवलेल्या, फुलांच्या आकाराच्या रंगीत कुरडया होत्या त्या. मग पावाचे तुकडे. मग कारलं. शेवटची पाच मिनिटं मी गरम तेलात पाण्याचे थेंब शिंपडत, ओढणी तोंडावर धरून उभी होते. मी विज्ञानाची पदवीधर आहे.

शिट्टी वाजली आणि बाहेरून रडण्याचा आवाज आला.

मी दारातून डोकावले. टीव्हीवर एक-शून्य, जपान. अबू तुर्की दोन्ही हातांत तोंड लपवून हुंदके देत होते. सतीश त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला होता आणि त्याचेही डोळे वाहत होते. मला जे समजायचं ते समजलं. एकेक झाले. आता तिसरा सामना, देव जाणे कधी, आणि तोवर सही नाही.

मी झारा घेऊन बाहेर आले. प्लँटवर राहून साहेबांना हिंदी समजते आणि अशा वेळी मला ती फार सफाईने येते. मी म्हटलं, "साहेब, आपकी टीम हारी, मुझे बुरा लगा. लेकिन मेरी बेटी की शादी फिर से नहीं होगी. ये कुर्सी मैंने फेंक दी थी. वापस लाई, आपके लिए तुडवाई, आज आपको चुभी, मैंने घर का सारा तेल जलाया. अब इससे ज़्यादा एक औरत क्या करेगी? तिसरी मॅच जब होगी तब होगी. आप सही कर दो."

सतीशने डोळे मिटून घेतले.

"मम्मी," मुक्ता म्हणाली, "वो जीत गए. टोटल टू-वन. तिसरी मॅच नसते."

मी झारा पाठीमागे लपवला. त्यातलं तेल माझ्या टाचेवर ठिबकलं. मी हलले नाही.

अबू तुर्कींनी डोळे पुसले. बराच वेळ ते खुर्चीच्या डाव्या बाजूवर तळहात दाबून बघत राहिले.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "म्हणून तो एक गोल खाल्ला."

मग त्यांनी फोन काढला आणि सतीशला विचारलं, किती दिवस मागितले होतेस? सतीश म्हणाला, बारा. त्यांनी वीस टाकले आणि तिथल्या तिथे मंजुरी दिली. शटडाऊनला तू नसलास तरी चालेल, म्हणाले. सिस्टरना मात्र मोठ्या सामन्याच्या दिवशी जुबैलमध्येच, स्वयंपाकघरात ठेव. खुर्ची ते घेऊन गेले. ती हल्ली त्यांच्या ऑफिसात असते आणि तिच्यावर बसायची परवानगी कोणाला नाही, त्यांनाही नाही.

आम्ही नाशिकला पोचलो. मुहूर्ताच्या थोडं आधी जिलबी कढईतून काळपट निघतेय असा निरोप आला, म्हणून मी कार्यालयाच्या स्वयंपाकघरात गेले. आचाऱ्याला दोन शब्द सुनावले, तोवर बाहेर मंगलाष्टका सुरू झाल्या. मी शालू सावरला आणि धावत दारापर्यंत आले. समोर सगळं दिसत होतं. अंतरपाट, मृण्मयीच्या हातातला हार, तिच्या मागे सतीश. सगळं नीट चाललं होतं.

सगळं नीट चाललं होतं आणि मी स्वयंपाकघरातून एक पाय बाहेर टाकत होते.

मी तो पाय आत घेतला. आचाऱ्याला सांगितलं, कढई बंद करू नका, तळत राहा. आठही मंगलाष्टका मी दाराच्या आत उभी राहून, जिलबीच्या चरचरीत ऐकल्या. पहिल्या रांगेतली माझी खुर्ची रिकामी राहिली.

शोभाताई तेव्हापासून गावभर सांगतात, की वहिनी तोंडाने काही बोलली तरी शेवटी तिने रीत पाळलीच. मी त्यांना दुरुस्त केलेलं नाही. रीत पाळली हे निदान लोकांना सांगता येतं.